एवढं शिकून उंदराची लघवी?

"काय रे, नव्या कंपनीत नक्की काम काय करतोस?"

रविवारचा फोन. आमच्याकडे सकाळ, सांगलीत रात्रीच्या जेवणाची वेळ. 'इन्स्ट्रुमेंटेशन' हा शब्द मी आईला गेली पंचवीस वर्षं समजावून सांगतोय, त्यामुळे त्या दिवशी सरळच बोललो.

"उंदरांची लघवी मोजतो."

पलीकडे शांतता. मला वाटलं लाईन गेली. मग आवाज आला, "कुणी विचारलं तर मी 'मेडिकल लायनीत आहे' एवढंच सांगते हो. आणि एवढं शिकून, तिकडे बर्फात जाऊन..." पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही. आया करत नाहीत.

ही गोष्ट दहाबारा वर्षांपूर्वीची. तेव्हापासून या विषयावर लिहायचं मनात होतं, पण धाडस होत नव्हतं. एक तर विषय असा की चारचौघांत बोलायची चोरी. दुसरं कारण पुढे येईलच.

तर मंडळी, आधी माझा धंदा. माझी पहिली नोकरी पाताळगंगेला एका केमिकल प्लांटमध्ये. काम काय, तर पाईपमधून किती माल वाहतोय ते मोजणारी फ्लोमीटर नावाची यंत्रं सांभाळायची. मिनिटाला दोनशे लिटर, पाचशे लिटर. आता मिनेसोटात असतो. इथे शरीरात बसवायच्या यंत्रांचा मोठा व्यवसाय आहे. १९४९ साली मिनियापोलिसच्या एका गॅरेजमध्ये मेडट्रॉनिक सुरू झाली, आणि तिच्या आसपास लहानमोठ्या कंपन्यांचं रानच उगवलं. त्यातल्या एका लहान कंपनीत मी लागलो. फ्लोमीटर तोच, पाईप बदलला.

किती बदलला ते बघा. पांढरा रॅट, वजन पाव किलोच्या आसपास. (आपण माऊस आणि रॅट दोघांनाही उंदीरच म्हणतो. हा थोरला.) दिवसभरात लघवी साधारण पंधरा मिलिलिटर, म्हणजे औषधाचे तीन चमचे. दिवसाची मिनिटं १४४०. भागाकार करा, दोन मूत्रपिंडांची मिळून मिनिटाला जेमतेम दहा मायक्रोलिटर, एकेका बाजूची पाच. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब साधारण पन्नास मायक्रोलिटरचा. म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या एका मूत्रवाहिनीतून दहा मिनिटांत एक थेंब! आणि ती वाहिनी जाडसर दोऱ्याएवढी. तिच्यात मोजमाप करायचं, ते सुद्धा उंदीर जागा असताना, त्याच्याच पिंजऱ्यात, त्याच्या मनाप्रमाणे हिंडत-फिरत असताना.

आता तुम्ही म्हणाल, कशाला हा उपद्व्याप? लघवी काय, भांड्यात धरली आणि मोजली.

धरतात ना. त्यासाठी खास पिंजरा असतो. खाली भुसा नाही, जाळी. जाळीखाली नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली, बाटलीखाली वजनकाटा. चोवीस तासांचा हिशेब मिळतो, पण थोडी लघवी वाटेतच वाळते, थोडी नरसाळ्याला चिकटते, आणि केव्हा किती झाली ते नीट कळत नाही. शिवाय उंदीर हा भुशात बीळ करून, दुसऱ्याच्या अंगाला अंग लावून झोपणारा प्राणी. त्याला एकट्याला तारेच्या जाळीवर उभं ठेवायचं आणि मग म्हणायचं, 'हं, आता नेहमीसारखं वाग.'

दुसरी रीत मूत्राशयाची. उंदराला युरेथेन नावाची भूल देतात, कारण बाकीच्या बऱ्याच भुलींनी लघवीची प्रतिक्षिप्त क्रियाच बंद पडते, युरेथेनने ती टिकते. मग मूत्राशयात नळी घालून पंपाने सलाईन भरायचं आणि दाब बघायचा. पंपाचा वेग पुष्कळदा मिनिटाला शंभर मायक्रोलिटर, म्हणजे निसर्ग भरतो त्याच्या दहापट. बेशुद्ध प्राणी, दहापट वेग, आणि त्यावरून माणसाच्या गोळीचा निर्णय. पटतंय का?

मला हे पटत नव्हतं, पण नुसतं डोक्याने. मनाला पटलं ते २०२२ साली, बाबांमुळे.

बाबांना प्रोस्टेटचा त्रास सुरू झाला होता. एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथे युरोफ्लोमेट्री सांगितली. यंत्र साधं असतं. नरसाळ्यात लघवी करायची, खाली सेकंदाला किती मिलिलिटर आली त्याचा आलेख निघतो. ही कल्पना जुनी आहे. विलार्ड ड्रेक या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली लघवीचं वाढतं वजन फिरत्या कागदावर रेखाटून हे सुरू केलं. १९५६ साली स्वीडनच्या फॉन गारेल्ट्स यांनी त्याला इलेक्ट्रॉनिक रूप दिलं. बाबांना चार ग्लास पाणी पाजलं, तास-दीड तास बाकावर बसवलं, आणि नंबर आल्यावर एका खोलीत पाठवलं. खोलीला दार होतं, पण कडी नव्हती. बाहेर पंधरा माणसं. वॉर्डबॉय दर दोन मिनिटांनी विचारतोय, "झालं का आजोबा?"

आयुष्यभर हायस्कुलात शिस्तीने वागलेला माणूस. कशी होणार? नव्वद मिलिलिटर झाली, वेग सेकंदाला सात. खरं तर दीडशे मिलिलिटरच्या खाली लघवी झाली तर ती चाचणी धरू नये असा साधा नियम आहे. पण कागदावर सात आला. दहाच्या खाली म्हणजे अडथळ्याची शंका, आणि शंकेवरून गोष्ट थेट ऑपरेशनच्या तारखेवर गेली. धाकट्या भावाने फोनवर मला आकडे वाचून दाखवले. मी म्हटलं, थांब. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाणी प्यायला सांगितलं आणि म्हणाले, "आजोबा, घाई नाही, घाईची लागली की मग या. आतून कडी लावा." अडीचशे मिलिलिटर, वेग चौदा. गोळीवर भागलं, आजही भागतंय.

पहिलं यंत्र चुकलं होतं का? अजिबात नाही. त्याने अगदी बरोबर मोजलं. मोजलं काय, तर लाजलेला म्हातारा.

जाळीवरचा उंदीर मला तेव्हापासून वेगळाच दिसायला लागला.

म्हणून सेन्सर आत घालायचा. शरीरात काय वाहतंय ते बाहेरून मोजायची हौस माणसाला जुनी आहे. मायकेल फॅरडेने १८३२ साली लंडनच्या वॉटर्लू पुलावरून टेम्स नदीत तांब्याचे पत्रे सोडले होते. पृथ्वीच्या चुंबकत्वात खारं पाणी वाहतं, तर वीज तयार व्हायला हवी आणि नदीचा प्रवाह मोजता यायला हवा, असा हिशेब. प्रयोग फसला, कारण पत्र्यांवरच्या रासायनिक क्रियांनी सगळा गोंधळ केला. पण तत्त्व पक्कं होतं. १९३६ साली अलेक्झांडर कोलिन यांनी तेच वापरून रक्तवाहिनी न कापता रक्ताचा प्रवाह मोजला. नदीपासून धमनीपर्यंत यायला शंभर वर्षं.

आम्ही वापरलं ते आवाजाचं तत्त्व. वाहिनीभोवती एक छोटं कडं बसवायचं. त्यात दोन स्फटिक. एक प्रवाहाच्या दिशेने आवाज सोडतो, दुसरा उलट दिशेने. प्रवाहाबरोबर जाणारा आवाज किंचित लवकर पोचतो, उलट जाणारा किंचित उशिरा. फरक किती? शरीरातल्या पेशींत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५४० मीटर. वाट दोन मिलिमीटर आणि प्रवाह सेकंदाला एक सेंटिमीटर धरला तर फरक येतो एका नॅनोसेकंदाच्या साठाव्या भागाएवढा. पाताळगंगेच्या माझ्या तेव्हाच्या साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला सुट्टीवर पाठवलं असतं. पण हे होतं. रक्तासाठी तर ही तऱ्हा कित्येक वर्षं सर्रास वापरात आहे.

खरी पंचाईत वेगळीच. कुठल्याही फ्लोमीटरचा शून्य बिंदू हळूहळू सरकतो. प्लांटमध्ये त्याचा इलाज सोपा. वाल्व बंद करायचा, प्रवाह शून्य झाला की मीटर शून्य दाखवतोय का बघायचं, नसेल तर करायचा. उंदराला वाल्व नाही! आणि प्रवाहच एवढा कमी की शून्य जरासा सरकला तरी अर्धं उत्तर खोटं. यावर आम्ही एक युक्ती काढली. मूत्रवाहिनीतून लघवी सलग धार धरून येत नाही. वाहिनी लाटेसारखी आकुंचन पावते आणि एकेक घोट खाली ढकलते. दोन घोटांच्या मध्ये प्रवाह जवळजवळ शून्य. म्हणजे वाल्व बंद केल्यासारखंच! त्या मधल्या क्षणांना शून्य धरायचं. मी त्या रात्री खूश होऊन घरी आलो होतो. पुढे लक्षात आलं की लघवी वाढवणारं औषध दिलं की घोट एकमेकांना चिकटून सलग धार होते, म्हणजे ज्या वेळी शून्याची खरी गरज, नेमका त्याच वेळी तो नाहीसा. असो. यंत्रांचं असंच असतं.

आता ते दुसरं कारण, ज्याच्यामुळे इतकी वर्षं लिहिलं नाही.

आठ उंदीर होते. प्रत्येकाच्या डाव्या मूत्रवाहिनीवर कडं, पोटात लहान बॅटरी आणि ट्रान्समीटर. पहिला आठवडा झकास. दुसऱ्या आठवड्यापासून प्रवाहाचा आकडा हळूहळू उतरायला लागला. आठांपैकी पाच जणांत. पिंजऱ्याखाली वजनकाटा होताच, तो म्हणत होता की दिवसाची एकूण लघवी पूर्वीएवढीच आहे. मग चूक कुणाची? अर्थातच सेन्सरची, शून्य सरकला असणार. मी अनुभवी माणूस, असे सरकणारे मीटर शेकड्याने पाहिलेले. मी काट्याचा आकडा खरा धरला आणि सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती टाकली. आलेख सरळ झाला. सगळ्यांनी पाठ थोपटली.

प्राण्यांची देखभाल करणाऱ्या एक बाई होत्या. शिक्षणाने इंजिनीअर नाहीत, डॉक्टर नाहीत. त्या दोनदा म्हणाल्या की यांच्यातले काही पाठ वाकवून बसतायत, मला बरं दिसत नाही. आम्ही हो हो म्हटलं.

तीन आठवड्यांनी प्रयोग संपला. संपला म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेल. पोट उघडलं तेव्हा मी तिथे होतो, कारण मला माझी कडी परत हवी होती. त्या पाच जणांचं डावं मूत्रपिंड फुग्यासारखं सुजलेलं. शरीर परक्या वस्तूभोवती चामट पापुद्रा तयार करतं, तसा तो कड्याभोवती तयार झाला होता आणि आत वाहिनी आवळली गेली होती. लघवी तुंबत होती. डाव्या बाजूचं काम उजवं मूत्रपिंड निमूटपणे करत होतं, म्हणून काट्यावरचा आकडा बदलला नव्हता.

म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. तीन आठवडे ओरडून सांगत होता की इथे प्रवाह कमी होतोय. प्रवाह अडवला होता त्याच्याच कड्याने, आणि त्याचं बोलणं खोडून आलेख सरळ केला होता मी.

त्या कंपनीच्या अहवालात याची एक ओळ आली, 'शस्त्रक्रियेतील गुंतागुंत'. बाहेर कुठेही काही छापून आलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात दुसरा कुणी पाताळगंगेचा इंजिनीअर तेच कडं, तेवढ्याच मापाचं, पुन्हा आठ उंदरांना घालत असेल तर त्याला कळायला मार्ग नाही. माझा राग आहे तो या गोष्टीवर. चूक झाली याच्यावर कमी, ती पुरून टाकली याच्यावर जास्त. त्यात माझा राग माझ्यावरही आहे, कारण मी तेव्हा गप्प बसलो. व्हिसाचं काम अडकलं होतं, हे कारण खरं आहे पण पुरेसं नाही.

माझं मत काय, असं विचाराल तर मी आजही आत बसवायच्या सेन्सरच्या बाजूने आहे. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन गोष्टी मांडल्या. शक्य तिथे प्राणी वापरूच नका, वापरले तर कमी वापरा, आणि त्यांना कमी त्रास द्या. आत सेन्सर असला की एकाच प्राण्याचं औषधाआधीचं आणि नंतरचं मोजता येतं, महिनाभर मोजता येतं. दर वेळी नवा गट नको. चांगलं कामही होतंय. क्लीव्हलँडच्या मंडळींनी मूत्राशयातला दाब बिनतारी सांगणारं छोटं यंत्र वर्षानुवर्षं प्राण्यांत तपासून माणसांपर्यंत आणलं. २०१९ साली नॉर्थवेस्टर्न आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर उंदराच्या मूत्राशयाभोवती ताण मोजणारी लवचिक पट्टी बसवली. मूत्राशय बिथरल्याचं पट्टीने ओळखलं की आतलेच छोटे एलईडी लागायचे आणि त्या उजेडाने तिथल्या नसा शांत व्हायच्या. त्यासाठी नसांत आधी जनुकीय बदल करावे लागतात, त्यामुळे माणसापर्यंत यायला अवकाश आहे. पण मणक्याला मार लागून लघवीवरचा ताबा गेलेला एखादा तरुण ज्यांनी घरात पाहिलाय, ते या कामाला हसणार नाहीत.

इकडे २०२२ च्या डिसेंबरात कायदा झाला की नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती नाही, दुसऱ्या पद्धतीही चालतील. चांगलं झालं. चिपवर वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या पेशी बरंच काही सांगतात. पण मूत्राशय भरल्याचं मेंदूला कळणं, मेंदूने 'आत्ता नको' म्हणणं, जागा बघून मग सोडणं, हे चिपमध्ये अजून तरी नाही. चिपला बाहेरच्या पंधरा माणसांची लाज वाटत नाही.

आणि प्राण्याला तरी सगळं कळतं असं कुठे आहे? रॅट लघवी करताना मूत्रमार्गाचा स्नायू सेकंदाला चारपाच वेळा उघडझाप करतो, पिचकारी मारल्यासारखा. आपला तो सैल पडतो. त्यामुळे उंदराच्या धारेवरून माणसाच्या धारेबद्दल बोलताना जीभ आवरावी. धारेचाच प्रश्न असेल तर कधीकधी सेन्सरही लागत नाही. जॉर्जिया टेकच्या पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांनी प्राणिसंग्रहालयात आणि व्हिडिओंवर नुसतं बघून शोधलं की तीन किलोच्या वरचे सस्तन प्राणी, मांजरापासून हत्तीपर्यंत, सरासरी एकवीस सेकंदांत मोकळे होतात. हत्तीच्या मूत्राशयात अठरा लिटर मावतात, तरी तेवढ्याच वेळात! कारण त्याचा मूत्रमार्ग मीटरभर लांब, आणि उभ्या पाईपात गुरुत्वाकर्षण धार वाढवत नेतं. २०१५ सालचं इग नोबेल मिळालं त्यांना. एकाही हत्तीचं पोट उघडावं लागलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की सेन्सर घालणाऱ्यांनी काही प्राण्यांना नुसतं मुकं कडं घालावं, ज्यात यंत्र नाही, आणि काहींना नुसतीच चीर, कडं नाही. मग कळतं की आपण प्राणी मोजतोय की आपलं कडं. रक्तवाहिनी, हृदय, मेंदू, सगळीकडे हे सांगितलं जातं, आणि सगळीकडे खर्च वाचवायला पहिलं कापलं जातं ते हेच. दुसरं, फसलेले प्रयोग मापांसकट छापावेत, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांनी तशी अट घालावी. आपल्याकडे वाचणाऱ्यांना आश्चर्य वाटेल, पण अमेरिकेच्या प्राणीकल्याण कायद्यात 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येतून संशोधनासाठी वाढवलेले उंदीर आणि पक्षी २००२ साली चक्क वगळलेले आहेत. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांना वेगळे नियम लागतात, खाजगी पैशाचं मात्र बरंचसं रामभरोसे. आपला १९६० चा कायदा माणूस सोडून प्रत्येक सजीवाला प्राणी म्हणतो. कागदावर तरी आपण पुढे आहोत.

कंपनी सोडून मला आता बरीच वर्षं झाली. नव्या ठिकाणी पुन्हा तेच काम, कडं जरा सैल, एका बाजूने उघडं, आणि कडा गोल केलेल्या. मुक्या कड्यांचा गट मागितला तेव्हा साहेबाने खर्चाचं गाणं गायलंच. मी जुन्या पाच मूत्रपिंडांची गोष्ट सांगितली. मंजूर झालं.

आईने अजून कुणाला सांगितलेलं नाही. बाबा मात्र दर रविवारी स्वतःहून विचारतात, "तुझे उंदीर कसे आहेत रे?" परवा मी सांगितलं, बाबा, गुरुवारी सहा जणांचं ऑपरेशन झालं. तिघांना खरं कडं, तिघांना मुकं. सगळे खातायत, भुशात झोपलेत, पाठ कुणी वाकवलेली नाही. बाकीचं महिन्याने कळेल.

"पिंजऱ्याला कडी आहे ना आतून?" म्हणाले.